फडातली नोट आणि सहीचे पाच रुपये

नामांकित खेळाडूला जवळून पाहायचे, त्याची सही घ्यायची आणि त्यासाठी पैसे मोजायचे, ही रीत परदेशातून आली असे आपण मानतो. ते अर्धेच खरे आहे. खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात हातोहात पैसा फिरणे आपल्याकडे जुनेच आहे. बदलले ते देण्याचे कारण आणि दर ठरवणारा माणूस.

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. तिचा घोडेबाजार सर्वांना ठाऊक आहे. खानदेशातल्या यात्रांमध्ये कुस्त्यांची दंगलही असते. लहान पोरांची जोड रेवड्यांवर लागते, मोठ्यांची इनामावर. कुस्ती निकाली झाली की जिंकलेला मल्ल अंगावरच्या मातीसकट फडाभोवती फेरी मारतो. बसलेली माणसे त्याच्या हातात नोट ठेवतात, पाठ थोपटतात, गाव आणि वस्ताद विचारतात. इथे भेट आहे आणि पैसाही आहे, पण दरपत्रक नाही. किती द्यायचे ते देणारा ठरवतो, आणि देतो तेही नुकत्याच डोळ्यांनी पाहिलेल्या कुस्तीसाठी.

हीच वृत्ती शहरातही होती. डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर भारतातला पहिला कसोटी सामना झाला. लाला अमरनाथ यांनी पदार्पणातच ११८ धावा काढल्या. भारताचे हे पहिले कसोटी शतक. तेव्हा स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिले आणि संस्थानिकांनी रोख बक्षिसे दिली, असे वर्णन केले जाते. मैदान गवताचे असले तरी रीत फडाचीच होती.

त्याच हिवाळ्यात गांधीजींचा हरिजन दौरा चालू होता. सहीसाठी वह्या पुढे करणाऱ्यांकडून ते हरिजन निधीसाठी पाच रुपये घेत. आपल्याकडच्या दर लावलेल्या सहीचे सर्वांत ठळक उदाहरण हेच. दर सर्वांना सारखा होता आणि पैसा कुठे जाणार हे आधीच जाहीर होते. क्रिकेटशीही या सहीचा संबंध आला. विजय मर्चंट यांच्या भगिनी लक्ष्मी यांच्या वहीत जार्डिनच्या १९३३-३४ च्या एमसीसी संघातील सोळा जणांच्या सह्या होत्या. गांधीजींनी पाने चाळून नेमके तेच पान निवडले आणि सतरावी सही आपली केली.

खाशाबा जाधवांच्या बाबतीत पैशाचा क्रम उलटा झाला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले तेव्हा कराडला दीडशेहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांच्या दंगली भरवल्या, त्यांत स्वतः लढले आणि त्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले. ऑलिम्पिकवीराला पाहायला लोकांनी पैसे मोजले, पण त्या पैशावर आधीच एका माणसाच्या विश्वासाचे ऋण होते.

खेळाडूसाठी दुसऱ्याने तिकीट लावावे, असेही घडले. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाला देण्याजोगी रक्कम क्रिकेट मंडळाकडे नव्हती. लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले.

सहीचा खरा बाजार अमेरिकेत उभा राहिला. १९८० च्या दशकात तेथे बेसबॉलपटूंच्या चित्रपत्रांच्या प्रदर्शनांत निवृत्त खेळाडू टेबलामागे बसून ठरलेल्या दराने सह्या देऊ लागले. यातले अनेक जण क्लबच्या बेड्यांत खेळलेले होते. १९७५ पर्यंत त्यांना मनाजोगा क्लब निवडण्याची मोकळीक नव्हती. उतारवयात सहीने त्यांना थोडा न्याय दिला, हे मान्य करायला हवे. पण बाजाराबरोबर खोटही आली. पीट रोझ यांना १९९० मध्ये करचुकवेगिरीबद्दल तुरुंगवास झाला. दडवलेल्या उत्पन्नात सह्यांचे पैसेही होते. पुढे एफबीआयला खोट्या सह्यांच्या टोळ्यांविरुद्ध मोठी मोहीम काढावी लागली. म्हणून तर डोळ्यांदेखत केलेल्या सहीचे मोल वाढले.

१४ डिसेंबर २०२५ रोजी, दत्तजयंतीनंतर दहाच दिवसांनी, लिओनेल मेस्सी वानखेडेवर आला. सचिन तेंडुलकरने त्याला आपली दहा क्रमांकाची जर्सी भेट दिली. आदल्या दिवशी कोलकात्यात मात्र महागडी तिकिटे काढलेल्या लोकांना मान्यवरांच्या गराड्यात तो नीट दिसलाच नाही. चिडलेल्या प्रेक्षकांनी खुर्च्या फेकल्या. तिथे मेस्सी सामना खेळणारच नव्हता. लोकांनी पैसे मोजले ते केवळ त्याच्या जवळ असण्याचे, आणि तेवढेही पदरी पडले नाही.

फडातली नोट, गांधीजींचे पाच रुपये, खाशाबांची दंगल आणि मेस्सीचे तिकीट यांची तुलना केली तर पैसा घेतला की नाही, हा मुद्दा दुय्यम ठरतो. दर कोणी ठरवला, पैसा कोणाकडे गेला आणि गरीब प्रेक्षकाला जागा उरली का, हे पाहावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलाला वानखेडेचे तिकीट परवडणारे नाही. फडाच्या कडेला मात्र तो खिशातले दहा रुपये देऊन मल्लाचा हात हातात घेऊ शकतो. सहीचे कार्यक्रम यापुढे वाढणारच. त्यांच्या दरपत्रकावर रकमेशेजारी ती कोणत्या तालमीला किंवा मैदानाला जाणार हेही लिहावे, एवढी मागणी आपण करू शकतो. पाच रुपये घेणाऱ्याने ते नव्वद वर्षांपूर्वी सांगितले होते.