मोहाचे फूल, उरणची भट्टी आणि रक्तदाब

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आशाताई असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीचा अर्ज भरतात, तेव्हा तिशी ओलांडलेल्यांना ठरलेले प्रश्न विचारले जातात : तंबाखू खाता का? दारू पिता का? कमरेचा घेर किती? हृदयविकाराच्या या जोखीम घटकांना आज ‘जीवनशैली’ म्हणतात. जीवनशैली म्हणजे माणसाने स्वतः निवडलेली, असे त्यात गृहीत असते. ठाणे जिल्ह्यातील दारूचा इतिहास या गृहीतकाला छेद देतो.

‘जोखीम घटक’ ही संज्ञा तशी अलीकडची. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १९४८ साली सुरू झालेल्या हृदयरोग-अभ्यासाच्या १९६१ मधील निबंधाने ती रूढ केली. दारूवरचा संशय मात्र जुना. १९१५ मध्ये कामीय लियाँ या फ्रेंच डॉक्टराने सैनिकांचे रक्तदाब तपासले, तेव्हा अतिमद्यपान करणाऱ्यांत उच्च रक्तदाब अधिक आढळला.

त्याच्या कितीतरी आधी मुंबई सरकारने दारूचे मोजमाप सुरू केले होते, अर्थात तिजोरीसाठी.

ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या घरी मोहाचे फूल हे आधी अन्न होते. उन्हाळ्यात वेचलेली फुले वाळवून ठेवली, की पावसाळ्यातील टंचाईत ती उपयोगी पडत. त्याच फुलांची दारू लग्नाकार्यात, देवाच्या नैवेद्यात आणि सणाला लागे. ती निरुपद्रवी होती, असा भाबडा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. मात्र फुलांचा हंगाम, घरातील साठा आणि प्रसंग यांची मर्यादा तिला होती.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ही मर्यादा मोडली. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने आखलेल्या व्यवस्थेत घरगुती गाळप गुन्हा ठरले. दारू सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्ट्यांत गाळायची, तेथेच तिच्यावर कर घ्यायचा आणि मग ती परवानाधारक गुत्त्यांत विकायची, अशी ही रचना होती. या भागासाठी ते केंद्र होते समुद्रकाठचे उरण. तेथील भट्ट्यांना फुले पुरवली जात ती गुजरातेकडून! जकात, मीठ, अफू आणि अबकारी ही चारही खाती एकाच आयुक्ताकडे असत. एवढ्यावरून सरकारची दृष्टी कळते.

तरीही रानात चोरून गाळणे थांबेना. तेव्हा सरकारने थेट फुलावरच हात घातला. १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करणे व बाळगणे यांवर निर्बंध आले. आपल्याच रानातील झाडाखाली पडलेले फूल वेचणारी बाई कायद्याच्या नजरेत संशयित ठरली. गुत्ता मात्र बाराही महिने उघडा. गुत्त्याला सण लागत नाही, रोख पैसा लागतो, आणि रोख नसेल तर उधारी चालते. हंगामी पिणे नित्याचे होण्यास याहून सोयीची व्यवस्था सापडणे कठीण.

तंबाखूची कथा निराळी. पोर्तुगिजांबरोबर आलेले हे पान भाजून, कुटून मशेरी झाले आणि दात घासण्याच्या निमित्ताने स्त्रियांच्या सकाळीत शिरले. निकोटीन हिरड्यांवाटेही रक्तात उतरते आणि नाडी व रक्तदाब वाढवते. पण मशेरी ही ‘खाण्याची’ वस्तूच नसल्याने ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच येऊ शकते.

स्वातंत्र्यानंतर धोरण उलटे फिरले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने सगळेच बंद केले. पुढे गाळप ओढ्याकाठच्या हातभट्टीत गेले आणि मोहाच्या जागी काळा गूळ व नवसागर आला. निर्बंध नंतर सैल झाले, रस्त्याकडेला देशी दारूची परवानाधारक दुकाने आली. तो अधिनियम, नाव बदलून, महाराष्ट्रात आजही लागू आहे. कागदोपत्री दारू पिण्यासाठी परवाना लागतो, आणि अबकारीचे उत्पन्न अजूनही राज्याच्या अंदाजपत्रकातील मोठी बाब आहे.