विश्वस्थिरांक आणि कृष्णविवराची दोन क्षितिजे

इ. स. १९१६ मध्ये कार्ल श्वार्झशिल्ड यांनी आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वसमीकरणांची पहिली अचूक उकल प्रसिद्ध केली. ज्यास आपण आज कृष्णविवर म्हणतो त्याचे गणित तीत आहे. प्रकाशही जेथून परतत नाही असे एकच क्षितिज तीत येते. १९१७ मध्ये आइन्स्टाइन यांनी विश्व अचल राहावे या हेतूने समीकरणांत विश्वस्थिरांक घातला. १९१८ मध्ये व्हिएन्नाच्या फ्रीड्रिख कॉट्लर यांनी तो धरून वरील उकल विस्तारली. या विस्तारात कृष्णविवराच्या क्षितिजाबाहेर विश्वाचे दुसरे क्षितिज येते. वस्तुमान वाढेल तसतशी ती परस्परांजवळ सरकतात आणि एका मर्यादेस एकरूप होतात.

विश्व प्रसरण पावते असे दिसून येताच १९३१ मध्ये आइन्स्टाइन यांनी स्थिरांकाचा त्याग केला. तथापि १९९८ मध्ये अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे आढळले. त्याचे सर्वांत साधे स्पष्टीकरण हाच स्थिरांक होय. त्याच्या मापित मूल्याप्रमाणे ती मर्यादा सुमारे २ वर २२ शून्ये इतक्या सूर्यवस्तुमानांची येते. आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवर सुमारे ४० लक्ष सूर्यवस्तुमानांचे असल्याने त्यावरील परिणाम नगण्यच होय.

‘म्हणणे’ या क्रियापदाचे ‘म्हणून’ हे रूप उच्चाराचा अर्थ सोडून कारण दर्शवू लागले. विश्वस्थिरांकाचेही तसेच झाले: मूळ हेतू लोपला, पद मात्र नव्या अर्थाने टिकले. यास्तव सिद्धान्ताचा इतिहास लिहिताना कर्त्याचा हेतू आणि पदाचे कार्य यांचा विचार वेगवेगळा करावयास हवा.