बाईला शिकविणारी बाई

पूर्वी गावोगावी तालमी होत्या, पण त्या पुरुषांच्या. बायकांना कोण शिकविणार? मुंबईत श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली योगसंस्था काढली आणि त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली खास स्त्रियांसाठी योगाचे पुस्तक लिहिले. काम मोठेच, पण पुस्तक इंग्रजी. माझ्यासारख्या सातवी झालेलीने ते कसे वाचावे?

आपल्या नाशिकात १९७८ साली योगाचार्य विश्वास मंडलिक यांनी योग विद्या धाम स्थापन केले. पुढे त्र्यंबकेश्वराजवळ गुरुकुलही झाले. २०१८ साली मंडलिकांना योगासाठी पंतप्रधानांचा पुरस्कार मिळाला, त्याचा अभिमान आहेच. मला मात्र त्याहून मोलाचे वाटते ते हे की, योगप्रवेशापासून पायरीपायरीने शिकत विद्यार्थीच शिक्षक झाले, आणि त्यांत घरसंसार सांभाळणाऱ्या बायकाही आल्या.

गुडघा दुखतो हे बाई कोणालाही सांगेल. अडचणीच्या दिवसांचे मात्र बाईलाच सांगेल. आमच्या आळीतील शिक्षिकाबाई पहाटे साडेपाचला सतरंज्या स्वतः अंथरतात, आणि जी आली नाही तिच्या दाराची कडी वाजवितात.