सात हजारांचे गहाणखत

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या पांढरकवड्याच्या बाजारपेठेतून हिंडावे, म्हणजे जागोजागी वहीपूजन चाललेले दिसते. नव्या कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढलेले असते, वर ‘श्री’ लिहिलेले असते, आणि दुकानाचे मालक त्या पानावर मोठ्या भक्तिभावाने अक्षता वाहत असतात. आता सारे हिशेब यंत्रावर होतात; तरी पूजेला वही लागतेच. लहानपणी केळापूरहून वडिलांबरोबर बाजाराला आलो, की मी ही गंमत उभा राहून पाहत असे. आमचा मुलूख कापसाचा. त्यामुळे ‘जमा’ आणि ‘नावे’ या दोन शब्दांचे वजन आमच्या घरात मुलांना मुळाक्षरांच्या आधी कळते.

यंदा मात्र मला एक निराळीच वही आठवते आहे, आणि त्याला कारण झाला माझ्या वर्गातला एक मुलगा. त्या दिवशी मी मुलांना खाशाबा जाधवांची गोष्ट सांगत होतो. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा हा मल्ल महाराष्ट्राचा, हे सांगताच वर्गाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर मागच्या बाकावरचा एक किडकिडीत पोरगा उभा राहिला. अनवाणी धावतो, पण काय धावतो! त्याने विचारले, “गुरुजी, त्यांच्या तिकिटाचे पैसे कोणी दिले?”

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. इतकी वर्षे मी ही गोष्ट सांगत आलो, पण तिचा खरा धागा त्या पोराने एका प्रश्नात माझ्या हाती दिला. त्याला वर्गात चार वाक्यांत उत्तर दिले. आज वाचकांपुढे ते जरा विस्ताराने मांडतो.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी साताऱ्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः कुस्तीगीर. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. पाच वर्षांच्या वयात त्यांच्या अंगाला आखाड्याची माती लागली ती वडिलांच्याच हातून. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले आणि पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले.

कुस्ती शिकणाऱ्याने कोल्हापूरला जावे, हे त्या काळी संगीत शिकणाऱ्याने गुरुगृही जाण्यासारखेच होते. राजर्षी शाहू महाराजांनी त्या नगरीत तालमींना आश्रय दिला, मल्लांना खुराक बांधून दिला आणि १९१२ साली खासबागेचे प्रशस्त मैदान उभे केले. खोलगट हौद आणि सभोवार चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना. त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही पैलवानाचा प्रत्येक डाव दिसे. पैलवानकी हा महागडा व्यवसाय आहे. दूध, तूप, बदाम आणि दिवसातून दोन वेळा जोर-बैठका, एवढे सांभाळायचे तर पैलवानाला दुसरा उद्योग करता येत नाही. म्हणून पैलवानामागे कोणीतरी पोशिंदा लागतो. हा पोशिंदा पिढ्यान्‌पिढ्या राजा होता.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली, तेव्हाही खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनीच उचलला. हा पहिला हिशेब ध्यानात ठेवावा.

लंडनला गेल्यावर एक नवीच अडचण पुढे आली. आपली कुस्ती मातीतली. हौदातली लाल माती, तिच्यात घातलेली हळद, ताक, तेल. पायाला ती धरते, अंगाला ती लागते. जोडीदाराची पाठ मातीला टेकली, की कुस्ती निकाली. तिथे कुस्ती गादीवरची. वजनाचे गट ठरलेले, वेळ ठरलेली, गुणांचा हिशेब निराळा. पाठ न लावताही कुस्ती जिंकता येते आणि न लागताही हरता येते! बावीस वर्षांचा हा तरुण त्या गादीवर परकाच होता. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्याला तिथे शिकवले आणि ५२ किलोच्या गटात तो सहावा आला. पहिल्याच खेपेस आणि अनोळखी गादीवर सहावा, हे यश लहान नव्हे. पण खाशाबांचे समाधान झाले नाही. पुढची चार वर्षे त्यांनी गादीच्या कुस्तीचा ध्यास घेतला आणि ५७ किलोच्या गटात उतरण्याची तयारी केली. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत घेऊन त्याला असा काही फेकायचा, की त्याला आभाळ दिसावे!

परंतु या चार वर्षांत आणखी एक गोष्ट घडली होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ते व्हायलाच हवे होते. एका माणसाच्या मर्जीवर लाखो लोकांचे भवितव्य टांगलेले असावे, ही स्थिती गेली हे उत्तमच झाले. मात्र राजा गेला तेव्हा राजाबरोबर पैलवानाचा पोशिंदाही गेला, आणि त्याची जागा कोणी घ्यायची, हे नव्या राज्यकारभाराला अजून उमगले नव्हते. संस्थान मावळले आणि लोकशाही नुकती उगवत होती. त्या मधल्या संधिप्रकाशात खाशाबा हेल्सिंकीच्या तयारीला लागले होते.

निवडीतही विघ्न आलेच. निवडीच्या वेळी आपल्याला न्याय मिळाला नाही, असे वाटून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती झाली. ती खाशाबांनी जिंकली आणि भारतीय पथकात त्यांचे नाव आले. नाव आले, पण पैसे आले नाहीत.

सरकारदरबारी चार हजारांची मागणी केली. ती वेळेवर पुरी झाली नाही. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. कोणी रुपया दिला, कोणी दोन. पण अशा वर्गणीतून फिनलंडची वाट पुरी होत नाही. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे करून विद्यार्थ्याच्या हाती दिले.

या वाक्याशी वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. मी शिक्षक आहे. शिक्षकाच्या आयुष्यात घर ही काय वस्तू असते, ते मला माहीत आहे. त्या सात हजारांच्या बदल्यात प्राचार्यांना कोणते तारण मिळाले होते? एका तरुणाचे मनगट आणि त्याचा शब्द. तो हरून आला असता तर? निवडलेल्यांपैकी बहुतेक जण हरूनच परत येतात. खेळाचा तो धर्मच आहे. घर गहाण टाकताना प्राचार्यांना हे ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल?

जुलै १९५२. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी येथील मल्लांना हरवले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. युद्धात होरपळलेल्या जपानला त्या ऑलिंपिकमध्ये एकच सुवर्णपदक मिळाले, ते याच इशींचे. दीर्घकाळ चाललेली ती कुस्ती खाशाबा हरले. श्वासही पुरता खाली बसला नव्हता, तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद ममादबेयोव्ह यांच्याशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती असावी, असा नियम होता. परंतु तो ठणकावून सांगण्यास भारतीय पथकातील एकही अधिकारी त्या वेळी गादीपाशी नव्हता, अशी हकीकत सांगतात. थकलेले खाशाबा तीही कुस्ती हरले. इशींना सुवर्ण, ममादबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. त्या वर्षी भारताला दोनच पदके मिळाली: हॉकीचे सुवर्ण आणि हे कांस्य.

कराडला ते परत आले, तेव्हा स्थानकावर सारा मुलूख लोटला होता. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची ती वाट. तिला त्या दिवशी सात तास लागले म्हणतात. ज्यांनी रुपया-दोन रुपये दिले होते, त्यांनीच बैलांच्या शिंगांना रंग लावला होता. आमच्याकडे पोळ्याला बैल सजतात; त्या वर्षी साताऱ्यात जणू पोळा आधीच आला. आणि गंमत पाहा, त्या साली आमचे केळापूर मध्यप्रदेश राज्यात होते, कराड मुंबई राज्यात. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून आठ वर्षे होती; पण अशा बातम्यांनी मराठी माणसाचे एक घर आधीच बांधायला घेतले होते.

मिरवणूक संपली, गुलाल धुतला गेला. खाशाबांना आठवण होती ती गहाणखताची. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः कुस्त्या मारल्या, आणि त्या पैशातून गुरूचे घर सोडवले. ऑलिंपिकचा पदकविजेता कर्ज फेडण्यासाठी पुन्हा मातीत उतरतो, याहून मोठी कुस्ती मला ठाऊक नाही. त्यांनी आपल्या वहीतील ‘नावे’ची बाजू अशी पुसून टाकली.

आता ‘जमा’ची बाजू पाहू. १९५५ साली ते मुंबईच्या पोलीस दलात फौजदार म्हणून दाखल झाले. पुढच्या ऑलिंपिकच्या आधी गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि आंतरराष्ट्रीय कुस्ती संपली. सुमारे सत्तावीस वर्षे त्यांनी पोलिसांत नोकरी केली. सहायक पोलीस आयुक्ताचे पद लाभले ते अगदी निवृत्तीच्या तोंडावर. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांत त्यांना मशाल घेऊन धावण्याचा मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, कराडजवळ मोटारसायकलच्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे ५८. हयातीत एकही पद्म सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही.

मग देशाला आठवण होऊ लागली. मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार आला. २००० सालचा अर्जुन पुरस्कार आला, तोही मरणोत्तर. २०१० साली दिल्लीच्या कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव मिळाले. त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडादिन ठरला. हे सारे योग्यच झाले. पण हारांचा सुगंध तसबिरीला येत नाही, हे आपण घराघरांत पाहतोच.

खाशाबांनंतर दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला भारताला ४४ वर्षे लागली. १९९६ साली लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य मिळवले. आणि महाराष्ट्राला? तब्बल ७२ वर्षे! २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्याच्याच स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकले. राज्य शासनाने त्याला एक कोटी रुपये जाहीर केले. चार हजारांसाठी अडलेल्या राज्यकारभाराने येथवर मजल मारली, याचा मला मनापासून आनंद झाला. त्याच दिवसांत वर्तमानपत्रात आणखी एक ओळ वाचली. स्वप्नीलचे वडील शिक्षक. मुलाच्या सरावाच्या काडतुसांसाठी त्यांनी कर्ज काढले होते.

बहात्तर वर्षांनंतर पुन्हा शिक्षक आणि पुन्हा कर्ज!

रुपये दोन प्रकारचे असतात. एक पदकाआधीचा रुपया आणि दुसरा पदकानंतरचा. नंतरचा रुपया देणाऱ्याचे काही बुडत नाही. त्याचे छायाचित्र छापून येते. आधीचा रुपया अंधारात द्यावा लागतो, आणि बहुधा तो बुडतोच. पूर्वी तो राजा देत असे. राजा गेल्यावर तो द्यायची जबाबदारी आपणा सर्वांवर आली, आणि त्या जबाबदारीचा आपला वाटा प्राचार्य खर्डेकरांनी एकट्याने उचलला. म्हणून खाशाबांच्या पदकाचा हिशेब मांडायचा, तर पहिल्या पानावर त्या गहाणखताची नोंद हवी.

माझ्या वर्गातल्या त्या पोराला मी एवढेच सांगितले, “बाळ, तिकिटाचे पैसे त्यांच्या गुरुजींनी दिले.” त्यावर तो काही बोलला नाही, पण माझ्याकडे असा पाहू लागला, की मीच नजर खाली घातली. माझे घर लहान आहे, गहाण टाकले तरी त्याचे सात हजार कोणी देईल की नाही, कोण जाणे. पण या दिवाळीला घरातल्या मुलांसाठी फटाके आणायला पांढरकवड्याला जाणार आहे, तेव्हा त्याच्या पायाचे माप बरोबर नेणार आहे. तो पुढे जिंकेल की नाही, हे मला ठाऊक नाही. जोडा मात्र त्याआधीच लागतो.