ग्रेसलँड (संगीतसंग्रह)

'''ग्रेसलँड''' हा अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमन यांचा सातवा एकल संगीतसंग्रह (अल्बम) आहे. तो ऑगस्ट १९८६ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने प्रकाशित केला. दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय वादक व गायकांच्या सहकार्याने घडलेल्या या संग्रहामुळे सायमन यांच्या उतरणीला लागलेल्या कारकिर्दीला नवे वळण मिळाले. मात्र वर्णभेदी राजवटीवरील सांस्कृतिक बहिष्काराच्या काळात त्याचे ध्वनिमुद्रण झाल्याने तो वादग्रस्तही ठरला.

== पार्श्वभूमी ==
आर्ट गारफंकेल यांच्यासोबत १९६० च्या दशकात कीर्ती मिळवलेल्या सायमन यांचा ''हार्ट्स अँड बोन्स'' (१९८३) हा संग्रह विक्रीत सपशेल अपयशी ठरला. अभिनेत्री कॅरी फिशर यांच्याशी त्याच वर्षी झालेला त्यांचा विवाहही लवकरच मोडला. याच सुमारास जोहान्सबर्गजवळील कृष्णवर्णीय वस्त्यांतील 'म्बाकांगा' शैलीच्या संगीताची एक कॅसेट त्यांच्या हाती आली. त्यातील बोयोयो बॉईज या वाद्यवृंदाच्या अकॉर्डियनप्रधान धुनांनी ते भारावून गेले.

== ध्वनिमुद्रण ==
फेब्रुवारी १९८५ मध्ये सायमन ध्वनिमुद्रक रॉय हॅली यांच्यासह जोहान्सबर्गला गेले. तोवर ते साधारणपणे गीत आधी रचून त्यानुसार वादकांकडून साथ बसवून घेत. येथे हा क्रम उलटला. गिटारवादक रे फिरी, बासवादक बाकिथी कुमालो, ढोलवादक आयझॅक म्त्शाली तसेच लेसोथोमधील ताउ एआ मात्सेखा हा वाद्यवृंद यांच्याकडून आधी ताल आणि धुना मुद्रित करून घेण्यात आल्या. त्यांवर शब्द चढले ते न्यू यॉर्कला परतल्यानंतर. देवाणघेवाण अर्थातच एकतर्फी नव्हती. शीर्षकगीतात फिरी यांनी त्यांच्या शैलीत सहसा न येणारी एक मायनर स्वरसंगती वाजवली. ती त्यांनी सायमन यांच्याच जुन्या गाण्यांच्या वळणावरून घेतली होती. मोडलेल्या संसारानंतर मुलासह एल्विस प्रेस्ली यांच्या मेम्फिस येथील घराकडे निघालेल्या माणसाचे हे गीत सायमन यांच्या खाजगी दुःखाच्या सर्वांत जवळ जाणारे आहे.

जोसेफ शबालाला यांच्या लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो या वाद्यांविना गाणाऱ्या झुलू गायकवृंदासोबतचे 'होमलेस' हे गीत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत मुद्रित झाले. त्याचे श्रेय शबालाला व सायमन या दोघांना संयुक्तपणे दिलेले आहे. जोहान्सबर्गच्या वादकांना न्यू यॉर्कमधील संघटनेच्या दराच्या तिप्पट मानधन मिळाले.

== वाद ==
संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेशी सांस्कृतिक संबंध न ठेवण्याचे आवाहन केले होते. तेथील सन सिटी येथे गाण्याचे निमंत्रण सायमन यांनी नाकारले होते. परंतु ध्वनिमुद्रणापूर्वी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसशी बोलावे, हा गायक हॅरी बेलाफाँटे यांचा सल्ला त्यांनी मानला नाही. कलावंताला राजकीय पक्षाच्या परवानगीची गरज नाही, अशी त्यांची भूमिका होती. बहिष्काराचे बळ एकजुटीत असते आणि अपवाद कोणासाठी करायचा हे लढणाऱ्यांनीच ठरवावे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. जानेवारी १९८७ मध्ये हॉवर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी सायमन यांना कठोर प्रश्न विचारले. दुसरीकडे, बहिष्काराने आपलाही आवाज बाहेर पोहोचत नाही, ही तेथील कृष्णवर्णीय वादकांची अडचण खरी होती. गीतांत वर्णभेदाचा थेट निषेध जवळपास नाही, हा आक्षेप मात्र आजही घेतला जातो.

निर्वासित जीवन जगणारे ह्यू मासेकेला आणि मिरियम माकेबा हे १९८७ च्या दौऱ्यात सहभागी झाल्याने टीकेची धार काहीशी बोथट झाली. दक्षिण आफ्रिकेत कार्यक्रम शक्य नसल्याने तो शेजारच्या झिम्बाब्वेमध्ये, हरारे येथे झाला.

== प्रभाव ==
संग्रहाच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्याला १९८७ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि पुढील वर्षी शीर्षकगीतालाही ग्रॅमीने गौरवण्यात आले. सायमन यांनी निर्मिती केलेल्या ''शाका झुलू'' या संग्रहासाठी लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझोलाही ग्रॅमी मिळाले.

आधी ताल, मग शब्द ही पद्धत सायमन यांनी पुढे ब्राझीलला नेली. तेथील ढोलवादकांच्या साथीने ''द रिदम ऑफ द सेंट्स'' (१९९०) हा संग्रह तयार झाला. बहिष्कार उठल्यानंतर, जानेवारी १९९२ मध्ये, त्यांनी दक्षिण आफ्रिकेत जाहीर कार्यक्रम केले.