‘क’चा क्रमांक २३२५

स्मरणिकेसाठी लेख मागवले गेले, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो आपल्या मराठीच्या बाईंचा लेख. २००२ साली निवृत्त होताना त्यांनी केडगावच्या जुन्या दिवसांविषयी बारा पाने लिहिली होती. मळ्यांतून पायी येणारी मुले, नवरात्रात देवीच्या यात्रेमुळे रिकामा पडणारा वर्ग, असे बरेच काही त्यात होते. नगरमधल्या एका डीटीपीच्या दुकानातून त्यांनी ते टाइप करून घेतले होते. छापील प्रत आता कुणाकडेच नाही आणि बाईही राहिल्या नाहीत. त्यांच्या मुलाकडे एक सीडी मात्र निघाली.

सीडी चालली, फाइल उघडली आणि पडद्यावर आली ती इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविरामांची खिचडी. त्याच आठवड्यात आपले नववीचे हस्तलिखित हाती आले. शाई फिकी पडली आहे, पण अक्षर न् अक्षर वाचता येते. हाताने लिहिलेले टिकले आणि नंतर संगणकावर लिहिलेले मुके झाले, असे का? मी इतकी वर्षे पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करतो, तेव्हा याचे उत्तर देणे माझ्याकडेच येते.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजीसाठी अमेरिकेत १९६०च्या दशकात १२८ क्रमांकांची ‘ॲस्की’ यादी ठरली. तिच्यात आपल्या ‘क’ला जागा नव्हती. मग मराठी छपाईसाठी एक युक्ती निघाली. फाइलमध्ये क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा आणि फॉन्टमध्ये त्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. टंकलेखन यंत्रासारखी रचना असलेल्या फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’ची कळ दाबली की ‘क’ उमटे. टंकलेखनाची परीक्षा दिलेल्यांची बोटे त्या कळांवर आधीच बसलेली होती, त्यामुळे ही युक्ती लगेच रुजली. पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. फॉन्ट हरवला की ‘क’ पुन्हा ‘डी’ होई. त्या काळी सगळ्यांचे लक्ष कागदाकडे होते. छापून चांगले दिसले की काम झाले. फाइल वीस वर्षांनी कुणी उघडेल, हा विचार कुणाच्या मनात नव्हता.

खरे तर चांगला रस्ता तेव्हाच तयार होत होता, आणि तोही आपल्यापासून तीन तासांवर. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम १९८८मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. १९९१मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे मानक जाहीर केले. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत बसवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८च्या आराखड्यावरून घेतलेली होती. तेव्हापासून ‘क’चा क्रमांक २३२५. फॉन्ट कोणताही असो, देश कोणताही असो, तो बदलत नाही.

आपण दहावीत असताना, १५ ऑगस्ट १९९५ला, भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. केडगावात आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. विंडोज २०००मध्ये युनिकोडची देवनागरी आली. २००१मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि आपल्यापैकी कितीतरी जणांनी माउस पहिल्यांदा तिथेच धरला. १ मे २००३ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. तरी डीटीपीची दुकाने जुन्याच फॉन्टवर राहिली, कारण छपाईची तेव्हाची सॉफ्टवेअर युनिकोडमधली जोडाक्षरे नीट मांडू शकत नव्हती. बाईंचा लेख नेमका या सांध्यात सापडला.

मराठीची स्वतःची दुखणीही होती. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक बाई फळ्यावर दोनदा लिहून दाखवत. संगणकावर तो ‘ऱ्या’ आणायला वेगळी खटपट करावी लागे. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २००८मध्ये. आज आपण मोबाइलवर ‘ॲडमिशन’ सहज लिहितो. २०१७पासून तर गुगलला मराठीत नुसते बोलूनही लिहिता येते. आपल्या वर्गाच्या ग्रुपवर शेतातून, एसटीतून आणि परदेशातून जे मराठी येते, ते या क्रमांकांवर सर्वांनी केलेल्या एकमतामुळे.

बाईंची फाइल सोडवायला मला आठ रविवार लागले. कोणत्या इंग्रजी खुणेमागे कोणते अक्षर, याचा तक्ता केला आणि छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या प्रयत्नात सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या चुकल्या. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी टाइप होते आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये अक्षर आधी, जसे आपण उच्चारतो तसे. रफाराचे याच्या उलट. ते दुरुस्त झाले आणि बाईंची वाक्ये एकामागून एक उभी राहिली. आता बाराही पाने वाचता येतात, फक्त कुठे कुठे जोडाक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उरले आहे. फाइल कधीतरी दुसरीकडे उतरवताना त्या खुणा गळाल्या असाव्यात. बहुतेक शब्द संदर्भाने भरले. एक मात्र भरता आला नाही. पावसाळ्यात लहान मुलांना खांद्यावर घेऊन ओढा ओलांडून देणाऱ्या शिपाईमामांचे आडनाव. बाईंनी ते मुद्दाम लिहिले होते आणि नेमके तेच गेले. आपल्यापैकी किंवा गुरुजनांपैकी कुणाला आठवत असेल, तर कळवा. बाईंच्या लेखात ती जागा रिकामी ठेवली आहे.

आणखी एक विनंती. घरात जुन्या फॉन्टमधली काही फाइल असेल, वडिलांचे आत्मवृत्त, गावाचा इतिहास, भजनांची वही, तर ती आत्ताच युनिकोडमध्ये आणून ठेवा. छापील प्रत असेल तर मुलांकडून मोबाइलवर टाइप करून घ्या. नुसता फोटो काढून भागत नाही; फोटोतला शब्द शोधला तर सहजी सापडत नाही. फॉन्ट ओळखणारी माणसे आज आहेत, पुढेही असतील असे नाही.

शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घ चुकले की बाई म्हणायच्या, अक्षर जागेवर पाहिजे. त्यांची अक्षरे आता जागेवर आली आहेत, एका नावाखेरीज.