आहेर पाठवायचा, पण मांडवात जायचं नाही

भाऊबंदांत बांधावरून कोर्टकचेरी चालू असावी आणि नेमकं त्याच घरात लग्न निघावं, हा पेच आपल्याकडे नवा नाही. जावं की न जावं? गेलं तर लोक म्हणणार, मिटलं वाटतं भांडण. न गेलं तर म्हणणार, त्या पोरीनं यांचं काय घोडं मारलं होतं? मग घरातली जाणती माणसं मधला मार्ग काढतात. कर्ता पुरुष जात नाही, धाकट्याच्या हाती आहेर पाठवला जातो. पोरीचा मान राहतो आणि बांधावरचा दावाही सुटत नाही.

3 फेब्रुवारी 2022 ला भारत सरकारनं नेमकं हेच केलं. बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. त्याआधी चीननं मशाल ज्यांच्या हाती दिली, त्यांत ची फाबाओ हा लष्करी अधिकारी होता. 15 जून 2020 च्या रात्री गलवानमध्ये जी झटापट झाली, त्यात चिनी तुकडीचा हा अधिकारी जखमी झाला होता. आपले 20 जवान त्या रात्री गेले. परराष्ट्र खात्यानं जाहीर केलं की बीजिंगमधले आपले प्रभारी राजदूत उद्घाटनाला जाणार नाहीत आणि समारोपालाही नाहीत. दूरदर्शननं दोन्ही सोहळ्यांचं थेट प्रक्षेपण रद्द केलं. पण काश्मीरचा आरिफ खान, आपला एकुलता एक स्पर्धक, तिरंगा घेऊन मैदानात उतरला आणि जायंट स्लालममध्ये 45 वा आला. धाकटा आहेर घेऊन गेला, म्हणा ना.

मला हा निर्णय पटला. पण एक गोष्ट सलतेच. जेमतेम सव्वादोन महिने आधी, नोव्हेंबर 2021 मध्ये, रशिया, भारत आणि चीनच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. तिच्या संयुक्त निवेदनात याच स्पर्धेच्या यजमानपदाला आपण पाठिंबा दिला होता. गलवान तेव्हा घडून गेलेलंच होतं. म्हणजे आपल्याला टोचलं ते मशालीचं निमित्त. चीननं ती मशाल दुसऱ्या कुणाच्या हाती दिली असती, तर आपले राजदूत बहुधा मांडवात बसलेले दिसले असते.

आता 2008 आठवा. तेव्हाही बीजिंगच होतं आणि वर्षाच्या सुरुवातीला तिबेट पेटलं होतं. जगभरच्या नेत्यांपुढे हाच प्रश्न होता. जर्मनीच्या मर्केल उद्घाटनाला गेल्या नाहीत, पोलंडचे टुस्क गेले नाहीत. ब्रिटनचे गॉर्डन ब्राऊन उद्घाटन टाळून समारोपाला गेले. फ्रान्सचे सार्कोझी बरेच दिवस जाऊ की नको करत शेवटी गेले. अमेरिकेचे बुश तर आधीपासूनच ठाम होते, तेही गेले. आपल्याकडून सोनिया गांधी गेल्या. त्याआधी 17 एप्रिलला दिल्लीत मशाल आली, तेव्हा एवढा बंदोबस्त होता की सामान्य माणसाला ती नीट दिसलीसुद्धा नाही. फुटबॉलपटू बायचुंग भुतियानं मात्र तिबेटच्या लोकांसाठी मशाल हाती घ्यायला नकार दिला होता. सबंध प्रकरणात मला सगळ्यात स्वच्छ वाटलेला नकार हाच. त्यामागं कुठलं खातं नव्हतं, निवडणूक नव्हती. मिळत असलेला मान एका माणसानं स्वतःच्या हातानं सोडला, इतकंच.

आणि 11 ऑगस्टला त्याच बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रानं सुवर्णपदक मिळवलं. भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. तिबेटच्या नावानं आपण संघच पाठवला नसता, तर हे पदक कुठून आलं असतं? 1952 साली हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांना पैसे जमवत किती फिरावं लागलं, हे आपण मराठी माणसं विसरत नाही. खेळाडूचं आयुष्य चार-चार वर्षांच्या मापानं चालतं. एक ऑलिंपिक हुकलं की बऱ्याच जणांचं सगळंच हुकतं.

1986 ची एडिनबरोची राष्ट्रकुल स्पर्धा घ्या. दक्षिण आफ्रिकेवर कडक निर्बंध लादायला थॅचरबाई तयार नव्हत्या, म्हणून 59 पैकी 32 देश त्या स्पर्धेला आले नाहीत. त्यात भारतही होता. थॅचरबाईंचं त्यानं फारसं बिघडलं नाही. घरी बसले ते आपले पैलवान आणि धावपटू. पण म्हणून खेळाडूंनी कधीच बहिष्कार घालू नये, असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. 1974 मध्ये आपण डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचलो होतो आणि समोर दक्षिण आफ्रिका होती. आपण खेळलो नाही, चषक त्यांना गेला. विजय आणि आनंद अमृतराजसारख्यांच्या हातातोंडाशी आलेला घास गेला. तरी तो नकार योग्यच वाटतो, कारण तिथं अन्याय मैदानातच होता. त्या देशात कुणी कुणाबरोबर खेळायचं हे कातडीच्या रंगावर ठरत होतं. 1986 मध्ये वाद होता तो लंडनच्या सरकारी कचेरीतल्या एका धोरणाचा, आणि शिक्षा भोगली एडिनबरोच्या धावपट्टीवर न उतरलेल्यांनी.

जायचं, पण मान तुकवायची नाही, असाही एक मार्ग असतो. 1936 ला बर्लिनमध्ये हिटलरसमोरून संचलन करताना भारतीय पथकानं नाझी पद्धतीची सलामी दिली नाही. 15 ऑगस्टला जर्मनीशी हॉकीचा अंतिम सामना होता. त्याआधी कपडे बदलायच्या खोलीत पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला, सगळ्यांनी त्याला वंदन केलं आणि मग जाऊन जर्मनीला 8-1 नं हरवलं. सोलापूरच्या माणसाला या प्रसंगाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. सहाच वर्षांपूर्वी, 1930 मध्ये, आमच्या गावात मार्शल लॉ लागला होता आणि तिरंगा मिरवल्याबद्दल माणसं तुरुंगात गेली होती. 12 जानेवारी 1931 ला चौघे जण फासावर गेले. खोलीत गुपचूप काढलेला तिरंगा म्हणजे काय, हे इथं कळतं.

त्याच 1936 च्या मार्च महिन्यात नेहरू रोमवरून परतत होते. मुसोलिनीनं भेटीचं बोलावणं धाडलं. त्याचा अधिकारी तासभर आर्जवं करत होता, पण नेहरू गेले नाहीत. या भेटीचा वापर प्रचारासाठी होईल, हे त्यांनी ओळखलं होतं.

चीनचा विषय निघाला की सोलापूरकराच्या मनात आणखी एक नाव येतंच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1910 साली इथं जन्मले. 1938 मध्ये जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे यथावकाश परतले, हे तिथंच राहिले. बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव 'यिनह्वा' ठेवलं, म्हणजे भारत-चीन. 9 डिसेंबर 1942 ला, 32 व्या वर्षी, तिथंच गेले.

चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना आवर्जून भेटायचे. 2006 मध्ये हू जिंताओ भेटले, 2013 च्या मे महिन्यात ली खछियांग, 2014 च्या सप्टेंबरमध्ये शी जिनपिंग. सोहळे छान झाले. पण ली यांची भेट झाली ती देप्सांगमधली तीन आठवड्यांची घुसखोरी नुकतीच मिटल्यावर, आणि शी दिल्लीत होते तेव्हा चुमारमध्ये दोन्हीकडचं सैन्य समोरासमोर उभं होतं.

म्हणून मला वाटतं, नेत्यानं सोहळ्याला जायचं की नाही हे ठरवताना एकच हिशेब करावा. या नकाराची किंमत कोण मोजणार? स्वतःची खुर्ची रिकामी ठेवायची असेल तर खुशाल ठेवावी, आणि कारण उघड सांगावं. ते कारण सव्वादोन महिन्यांपूर्वीही खरं असायला हवं. दुसऱ्याच्या पोराची धाव मात्र अडवू नये, जोवर अन्याय त्या मैदानातच होत नाही.

आणि गेल्यानं मैत्री होते, न गेल्यानं वैर होतं, असंही काही नाही. कोटणीस कुठल्याच सोहळ्याला गेले नव्हते. ते जखमींवर शस्त्रक्रिया करायला गेले होते.